नैवेद्याला न चालणारं

अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉय गावातल्या मराठी घरांचं खरं स्वयंपाकघर पुष्कळदा गॅरेजमध्ये असतं. मासे तळायचे, सुकट भाजायची, तर घरभर वास नको म्हणून शेगडी गॅरेजमध्ये लावायची आणि मोठं दार वीतभर वर उचलून ठेवायचं, ही इथली जुनी रीत. गल्लीतल्या मराठी मंडळींना त्यामुळे एकमेकांचा बेत न विचारता कळतो. प्रल्हादराव आणि रत्नाकाकूंच्या गॅरेजमधून मात्र कधी कसलाच वास आला नव्हता. शाकाहारी घर, त्यातून प्रल्हादराव देवाधर्माचे. त्यांच्या गॅरेजात दोन गाड्या आणि बर्फ उडवायचं यंत्र, एवढाच संसार.

म्हणून गणपती तोंडावर आले असताना एका दुपारी रत्नाकाकू तिथे शेगडी मांडून, दार चांगलं बंद करून, तूप पातळ करत बसल्या होत्या, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. तुपाच्या भांड्याशेजारी बिनसुईची एक सिरिंज होती. तिच्यात काकवीसारखा दाट, काळपट रस होता. गांजाचा अर्क.

मिशिगनमध्ये हा अर्क राजरोस दुकानात मिळतो. वयाची एकविशी ओलांडली की झालं, आणि रत्नाकाकूंनी तर पासष्टीही ओलांडलेली. तरी तो आणायला गेल्या तेव्हा त्यांनी गाडी शेजारच्या नेल सलूनपुढे लावली होती आणि मान खाली घालून दुकानात शिरल्या होत्या. महाराष्ट्र मंडळातलं कुणी बघेल ही धास्ती. अहो, मंडळातलं कुणी तिथे भेटलं असतं, तर तेही काही भाजी घ्यायला आलेलं नसतं! पण भीतीला एवढी अक्कल असती तर काय हवं होतं. काउंटरवरची मुलगी गोड होती. अर्क कशात घालणार, असं तिने विचारलं, आणि "घी" हे उत्तर ऐकून ती खूशच झाली. "ओ, घी इज परफेक्ट! अगदी थोड्यापासून सुरू करा, आणि खूप नीट मिक्स करा." रत्नाकाकूंना वाटलं, धरणी दुभंगेल तर बरं.

हे सगळं प्रल्हादरावांसाठी चाललं होतं. जन्मभर मोटारींच्या ब्रेकवर काम केलेला हा माणूस. निवृत्त झाला, आणि दुसऱ्याच वर्षी पोटात कॅन्सर निघाला. केमोने गाठ कमी होत होती, पण अन्न जात नव्हतं. वरणभाताचा वास आला तरी ते ताटावरून उठायचे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, वजन आणखी उतरलं तर केमो थांबवावी लागेल. तेव्हा तिथल्या नर्सने हळूच सुचवलं, भूक लागायला बऱ्याच पेशंटना याचा उपयोग होतो. प्रल्हादराव खुर्चीत ताठ झाले. "नो, थँक यू," ते म्हणाले. "वी आर नॉट दॅट काइंड ऑफ पीपल."

गाडीत बसल्यावर त्यांनी बायकोला ऐकवलं, "एवढी वर्षं ऑफिसच्या पार्टीत बिअरला हात लावला नाही. आता जाता जाता गंजेकस व्हायचं राहिलं होतं."

"अहो, औषध म्हणून. त्या गोळ्या मिळतात म्हणे, जेलीसारख्या."

"त्यात जिलेटिन असतं. म्हणजे हाडं. गांजाही खा आणि हाडंही खा!"

विषय संपला. त्यांच्यापुरता.

रत्नाकाकूंनी मग मेथीचे लाडू करायचं ठरवलं. मेथी मुळातच कडू, तेव्हा कडूत कडू लपेल. शिवाय मेथीची पूड तुपात भिजवून ठेवायची असतेच. त्याच तुपात हे मिसळायचं, की कुणाच्या बापाला कळणार नाही. नवऱ्याला न विचारता त्याच्या पोटात काही घालायचं, हा विचार मनात आला तेव्हा त्यांना स्वतःची शिसारी आली. पण शर्टाच्या कॉलरमध्ये सैल फिरणारी प्रल्हादरावांची मान दिसली की ती शिसारी मागे पडायची.

"मेथीचे लाडू? भर ऑगस्टात?" प्रल्हादरावांनी विचारलं.

"तुमची कंबर दुखते ना," त्या म्हणाल्या. पहिलं खोटं इतकं सहज निघालं की त्या स्वतःच दचकल्या.

रत्नाकाकूंनी आयुष्यात कधी काही मोजून केलं नव्हतं. हाताचा अंदाज हाच त्यांचा काटा, आणि त्याचा त्यांना केवढा ताठा! इथे मात्र तो अंदाज साफ आपटला. अर्क तुपात नीट विरघळलाच नाही, एका बाजूला बसून राहिला. एका लाडवाने प्रल्हादरावांना काहीच झालं नाही. दुसऱ्या लाडवानंतर ते सोफ्यावर असे झोपले की दुसऱ्या दिवशी दुपारी डोळे उघडले. रत्नाकाकू शेजारी खुर्ची ओढून त्यांचा श्वास बघत बसल्या होत्या. फोन हातात होता, पण अँब्युलन्सवाल्यांना काय सांगायचं, या लाजेने तो लावला नाही. माणसाच्या जिवापेक्षा आपल्याला आपली लाज मोठी वाटली, हे त्यांना नंतर कळलं, तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उरलेले लाडू त्यांनी फेकले. पुढच्या खेपेला छोटा काटा आणला, तूप मंद आचेवर ठेवून हात दुखेपर्यंत ढवळलं, लाडू सुपारीएवढे वळले. ते लागू पडले. संध्याकाळी लाडू खाल्ला की तासादीडतासाने प्रल्हादराव स्वयंपाकघरात डोकवायचे. "काय केलंयस आज?" हा प्रश्न त्या घरात कित्येक महिन्यांनी ऐकू आला. पहिल्यांदा त्यांनी भात मागून घेतला, तेव्हा रत्नाकाकू फ्रिजचं दार उघडून त्याच्या आड रडल्या.

इथवर सगळं ठीक होतं, असं म्हणता आलं असतं. पण रत्नाकाकू एक गोष्ट विसरल्या होत्या, आणि तीही रोज डोळ्यांसमोर घडणारी. प्रल्हादराव गोडाचा कुठलाही पदार्थ देवापुढे ठेवल्याशिवाय तोंडात घालत नसत. बाजारातून आणलेल्या बिस्किटांचा पुडासुद्धा आधी देव्हाऱ्यासमोर जायचा. तेव्हा संध्याकाळी दिवा लागला की चांदीच्या ताटलीत तो सुपारीएवढा लाडू, वर तुळशीचं पान, आणि प्रल्हादराव डोळे मिटून, पाणी फिरवून नैवेद्य दाखवतायत. गणपती बसले तेव्हा गणपतीपुढेही तोच. रत्नाकाकू मागे हात जोडून उभ्या राहायच्या, पण मान वर व्हायची नाही.

एवढंच नाही. नैवेद्य झाला की प्रल्हादराव लाडवाचा कण मोडून रत्नाकाकूंच्या तळहातावर ठेवायचे. "घे, प्रसाद." लग्न झाल्यापासून त्यात खंड नव्हता. प्रसादाला नाही म्हणता येत नाही. पहिले काही दिवस त्यांनी तो खाल्ला, आणि एकदा पुण्याच्या नणंदेशी फोनवर बोलताना पडद्यांच्या रंगावरून इतक्या हसत सुटल्या की नणंदेने "वहिनी, बरी आहेस ना?" असं विचारलं. मग त्या कण मुठीत लपवायला लागल्या. प्रसाद कचऱ्यात टाकवेना, म्हणून मागच्या अंगणातल्या मेपलच्या झाडाखाली नेऊन ठेवायच्या. तिथली एक गलेलठ्ठ खार घरामागच्या लाकडी डेकच्या कठड्यावर चारी पाय पसरून पडलेली त्यांनी दोन-तीनदा पाहिली. मग मात्र त्या तो कण खोल पुरायला लागल्या. इतर वेळी हसून मुरकुंडी वळली असती. आता खारीच्या नजरेलाही नजर देववत नव्हती.

आणि प्रल्हादराव फुलत चालले होते. गालांवर जरा मांस आलं. आजार कळल्यापासून त्यांनी संध्याकाळी जप सुरू केला होता. त्या जपानेच भूक परत आली, याबद्दल त्यांच्या मनात शंका उरली नव्हती. "बापू, औषधाने जे झालं नाही ते नामाने झालं," त्यांनी पुण्याला भावाला फोनवर सांगितलं. मंडळाच्या आरतीला जमलेल्या लोकांना सांगितलं. डॉक्टरलाही सांगितलं, आणि त्या भल्या माणसाने "व्हॉटेव्हर यू आर डूइंग, कीप डूइंग इट" म्हणून हात मिळवला. रत्नाकाकू तेव्हा पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. पर्समध्ये शोधण्यासारखं काहीच नव्हतं.

रोज वाटायचं, आज सांगावं. रोज वाटायचं, सांगितलं की हा माणूस खाणं सोडेल. आणि खाणं सोडलं की केमो सुटेल. ह्याच्यापुढे विचार जातच नसे.

दिवाळीआधीच्या वीकेंडला मुलगा आणि सून शिकागोहून आले. परीक्षित इथेच जन्मलेला, बोलणं बहुतेक इंग्रजीत. आसावरी नागपूरची, एम.एस. करायला आलेली, आणि आता सहावा महिना लागलेला. चार वर्षं वाट पाहून राहिलेलं मूल. तिचं पोट बघून प्रल्हादरावांच्या चेहऱ्यावर आलेलं तेज कुठल्याही लाडवाचं नव्हतं, एवढं रत्नाकाकूंनाही दिसत होतं.

त्या संध्याकाळी लाडू लपवायचा त्यांचा बेत होता. "आज केळं ठेवा," असं त्या म्हणाल्याही. पण त्या आसावरीला वरची खोली दाखवायला गेल्या आणि तेवढ्यात प्रल्हादरावांनी डब्यातून लाडू काढला. खाली येईपर्यंत नैवेद्य झालेला होता. प्रल्हादरावांनी आज नेहमीसारखा कण मोडला नाही. अर्धा लाडू मोडला.

"हा माझ्या नातवंडाचा," ते म्हणाले. "ये आसावरी. घे, प्रसाद."

आसावरीने डोक्यावर ओढणी घेतली, उजव्या हाताखाली डावा धरून प्रसाद घेतला, कपाळाला लावला. तो तोंडाकडे जाताना रत्नाकाकूंनी झडप घालून तिच्या हातातून हिसकावला. नखं लागली तिच्या तळव्याला.

"आई?" आसावरीने तळवा चोळत विचारलं. "काय झालं?"

"मेथी," रत्नाकाकू म्हणाल्या. "मेथी उष्ण असते. पोटुशीने खाऊ नये."

खोटं चांगलं होतं. कुठल्याही घरात चाललं असतं. आसावरी ओशाळून हसलीसुद्धा. पण प्रल्हादरावांचा चेहरा उतरला होता. सुनेच्या हातातून प्रसाद हिसकावलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता, ऐकलाही नव्हता.

"अगं, प्रसादाला उष्ण-थंड नसतं," ते म्हणाले. "ह्या प्रसादाने मला उठवलं. तिचंही भलंच होईल." आणि त्यांनी ताटलीतला उरलेला अर्धा उचलला. "घे बाळा. सासूचं मनावर घेऊ नकोस."

आसावरीने पुन्हा हात पुढे केला. सासऱ्यांना नाही कसं म्हणणार?

"त्यात गांजा आहे," रत्नाकाकू म्हणाल्या.

परीक्षित आधी हसलाच. मग आईचा चेहरा बघून थांबला. "वेट. यू आर सीरियस? तू डॅडना हे देतेस? डझ ही नो?"

रत्नाकाकूंनी हिसकावलेला लाडू मुठीत आवळला.

"विदाउट टेलिंग हिम? मॉम, दॅट्स... यू कान्ट डू दॅट टू अ पर्सन."

आसावरी सिंकपाशी गेली आणि साबण लावून हात धुवायला लागली. एकदा धुतले, पुन्हा धुतले, बोटांच्या बेचक्यांतून घासून धुतले. मुलाचं बोलणं रत्नाकाकूंनी सोसलं असतं. ते पाण्याचं वाहणं सोसवेना.

प्रल्हादराव खाली बसले. "कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"गणपतीच्या आधीपासून."

त्यांनी मान वळवून देव्हाऱ्याकडे पाहिलं, मग हातातल्या अर्ध्या लाडवाकडे. उठून त्यांनी तो कागदात बांधला, चांदीची ताटली स्वतः विसळली, पुसली आणि कपाटात आत ठेवून दिली. रात्री ते जेवले नाहीत.

मुलं सोमवारी गेली. जाताना आसावरीने वाकून नमस्कार केला, पण "डबा दे गं काही करून" हे तिचं नेहमीचं मागणं यंदा तिने केलं नाही. रत्नाकाकूंनी करून ठेवलेल्या साध्या शंकरपाळ्यांची पिशवी टेबलावरच राहिली. ती विसरली, असं त्या दिवसभर स्वतःला सांगत राहिल्या.

प्रल्हादराव भांडले असते तर बरं झालं असतं. ते भांडले नाहीत. संध्याकाळी दिवा लावायचे आणि लगेच उठायचे. जप नाही, नैवेद्य नाही. ताटावर बसायचे, दोन घास चिवडायचे, पाणी पिऊन उठायचे. गुरुवारी दवाखान्यात वजन करायचं होतं. बुधवारी संध्याकाळी रत्नाकाकूंना राहवेना.

"मला शिव्या द्या," त्या म्हणाल्या. "माझं चुकलं. मला लाज वाटते, माझं मला तोंड बघवत नाही. पण तुम्ही जेवत होतात हो. तुम्ही भात मागून घेत होतात."

प्रल्हादराव खिडकीतून मेपलकडे बघत होते. "मी बापूला सांगितलं," ते म्हणाले. "आरतीला सगळ्यांसमोर सांगितलं. त्या डॉक्टरला सांगितलं. काय काय सांगितलं मी."

"कुणाला कळणार नाही."

"लोकांचं नाही गं." त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. "मला वाटलं होतं, देवाचं माझ्याकडे लक्ष आहे."

रत्नाकाकूंनी इतके दिवस स्वतःला हवं ते ऐकवलं होतं. फसवलं, चोरून दिलं, देवापुढे नको ते ठेवलं. पण ह्या माणसाकडून आपण काय घेतलं, ते त्यांना आत्ता समजलं. त्या ओट्याशी जाऊन उभ्या राहिल्या आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला लागल्या.

बऱ्याच वेळाने मागे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"लसूण आहे का घरात?"

"आहे," त्या वळून म्हणाल्या. "का हो?"

प्रल्हादराव टेबलापाशी बसले होते. त्यांनी हात टेबलावर ठेवले होते. मनगटाची हाडं वर आली होती. "ते जे काय आहे तुझं, ते घालून लसणीची चटणी कर. लसूण भरपूर घाल. लाडू नको. लाडू दिसला की हात देव्हाऱ्याकडे जातो माझा. लसणीचं आपण नैवेद्याला ठेवत नाही."

रत्नाकाकू गॅरेजच्या दाराकडे निघाल्या.

"तिकडे कुठे? इथेच कर. माझ्यासमोर कर."

त्यांनी सिरिंज आणली. ती टेबलावर ठेवताच घरंगळली, आणि प्रल्हादरावांनी ती पडता पडता धरली. उजेडाकडे धरून जरा वेळ पाहिली. "ही होय," एवढंच म्हणाले, आणि लसणाचा गड्डा पुढ्यात ओढून पाकळ्या सोलायला लागले. वासाने त्यांना उमासे येत होते. खिडकी उघडायचे, दम घ्यायचे, पुन्हा सोलायचे. रत्नाकाकूंनी काट्यावर मोजून अर्क तुपात घातला, ढवळला, सुकं खोबरं आणि तिखट घालून चटणी कुटली. प्रत्येक गोष्ट करताना त्या त्यांच्याकडे बघत होत्या. प्रल्हादरावांनी एकदाही नजर वर केली नाही. लपवून करताना वाटली नव्हती एवढी लाज रत्नाकाकूंना त्यांच्या देखत करताना वाटली.

भात कालवून प्रल्हादरावांनी चटणीचा पहिला घास घेतला, तोंड वाकडं केलं आणि गिळला. मग नेहमीसारखी चिमटीत चटणी धरून हात रत्नाकाकूंकडे आला. सवयच ती. त्यांचाही तळहात उघडून पुढे झाला होता. प्रल्हादरावांचा हात मध्येच थांबला.

"हे तुला नको," ते म्हणाले, आणि ती चिमूट त्यांनी स्वतःच्या तोंडात टाकली.

रत्नाकाकूंनी हात मागे घेतला आणि पदर नव्हता म्हणून कुडत्याच्या टोकाला पुसला. प्रल्हादराव खाली मान घालून जेवत राहिले. ताट अर्ध्यावर आलं, तेव्हा देव्हाऱ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "खडीसाखर संपली का गं?"

"नाही. आहे."

"मग सकाळी वाटीत काढून ठेव. दवाखान्यात निघायच्या आधी."

"ठेवते," त्या म्हणाल्या, आणि भात आणखी वाढू का, हे विचारायचं धाडस काही त्यांना झालं नाही.